आईला डिमेन्शिया आणि पैशांचे व्यवहार भावंडांच्या हातात – हिशेब कसा मागावा?

केवडा

इतके दिवस वाचनमात्र होते, हा पहिलाच धागा. विषय घरचा आहे, म्हणून ओळख पटेल असे तपशील गाळलेत. समजून घ्या.

आम्ही तीन भावंडं. दादा, मग ताई, मी शेंडेफळ. बाबा नाहीत. आई निवृत्त शिक्षिका, तिचं स्वतःचं पेन्शन आहे, मुदत ठेवी आहेत आणि राहतं घर तिच्या एकटीच्या नावावर आहे. भाजीचा हिशेबसुद्धा वहीत मांडणारी बाई. दादा-वहिनी तिच्याबरोबर राहतात, ताई जवळच. मी लांब असते, वर्षातून काही वेळा जाऊन येते.

दोन वर्षांपूर्वी आईला अल्झायमरचं, म्हणजे डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) एका प्रकाराचं, निदान झालं. तेव्हा सोयीसाठी दादाचं नाव तिच्या खात्यात जोडलं आणि त्याला मुखत्यारपत्र दिलं. माझी हरकत नव्हती. यावेळी गेले तेव्हा औषधांच्या फायलीत बँकेचे कागद सापडले. दोन ठेवी मुदतीआधी मोडलेल्या. पेन्शन जमा झालं की लगेच एटीएममधून रोजच्या मर्यादेइतकी रक्कम, सलग काही दिवस. खात्याशी जोडलेला मोबाइल नंबर दादाचा. ताईकडच्या एका मोठ्या खर्चाच्या वेळी तिलाही एक रक्कम गेलेली दिसते.

आईला विचारलं तर म्हणाली, "मीच दिले, माझी मुलं आहेत." दुसऱ्या दिवशी तीच आई कानात सांगते, "माझे पैसे कोणीतरी नेतंय गं." दादाला विचारलं तर, "आम्ही रात्रंदिवस करतो, तू फोन करतेस. हिशेब मागायला येऊ नकोस." आणि आता घर आईच्या हयातीतच त्याच्या नावावर 'करून ठेवायचं' बोलणं चालू आहे.

मला इस्टेट नको आहे. आईच्या पुढच्या दहा वर्षांचे पैसे आजच संपले तर काय, ही भीती आहे. कुठून सुरुवात करू?

टेकडीवरून

सरळ पोलिसांत जा. सख्खा असला म्हणून काय झालं.

बाभूळ

थांबा जरा. पोलिसांत गेल्यावर परतीचा रस्ता राहत नाही, आणि आई अजून त्याच घरात आहे. आधी काही प्रश्न:

निदानाचा कागद तुमच्याकडे आहे का, त्यावर तारीख आहे का? ठेवी मोडल्या त्या निदानाआधी की नंतर? मुखत्यारपत्र कधीचं? आईची देखभाल नीट चालली आहे का? म्हणजे कपडे, औषधं, वजन, डॉक्टरच्या भेटी. शेवटचं फार महत्त्वाचं. पैसे जातायत आणि आईची आबाळही होतेय, हे एक चित्र. पैसे जातायत पण आई टुकटुकीत आहे, हे दुसरं.

हजरजबाबी

"मला इस्टेट नको" हे वाक्य इस्टेटीच्या प्रत्येक भांडणात पहिल्या पानावर असतं. (हलकं घ्या.)

केवडा

@बाभूळ, निदानाच्या कागदाचा फोटो आहे, तारखेसह. ठेवी निदानानंतर मोडल्या, मुखत्यारपत्रही नंतरचं. आई स्वच्छ असते, औषधं वेळेवर मिळतात, वहिनी मनापासून करते. तेच तर अवघड आहे. दादा राक्षस असता तर मला सोपं गेलं असतं.

@हजरजबाबी, घ्या हवं ते.

न्यूरॉन

डॉक्टर आहे, असे प्रसंग ओपीडीत नेहमी दिसतात. वैद्यकीय बाजू लिहितो.

पैशाचं व्यवहारज्ञान हे डिमेन्शियात फार लवकर ढासळतं. रुग्ण गप्पा उत्तम मारतो, पाहुण्यांना चहा विचारतो, जुन्या आठवणी तारखेनिशी सांगतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं 'तसं काही नाही'. पण बिल भरलं की नाही, हा आकडा हजारात की लाखात, ही सही कशावर, हे सुटलेलं असतं. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं की काही रुग्णांची बिलं थकायला निदानाच्या सहा वर्षं आधीपासून सुरुवात झाली होती. म्हणून "निदानाआधीचा व्यवहार म्हणजे शुद्धीतला व्यवहार" हे गृहीतकही कच्चंच.

दुसरं, आईचं "माझे पैसे कोणीतरी नेतंय" हे वाक्य. चोरीचा भ्रम हे या आजारातलं अगदी नेहमीचं लक्षण आहे. पाकीट स्वतःच कुठेतरी ठेवायचं, विसरायचं आणि सगळ्यात जवळच्या माणसावर आळ घ्यायचा. बहुतेक वेळा जी सून किंवा मुलगी सर्वात जास्त करते तिच्यावरच. त्यामुळे आईचं म्हणणं पुरावा म्हणून धरता येत नाही. पण याची दुसरी बाजू कोणी बोलत नाही: खरोखर पैसे जात असतील तरी "आजारामुळे बोलते" म्हणून उडवून लावता येतं. शोषण करणाऱ्याला याहून सोयीचं लक्षण नाही. तुमच्याकडे बँकेचा कागद आहे, म्हणून तुम्ही पुढे बोलू शकता.

तिसरं, "मीच दिले" याचं काय. निर्णयक्षमता ही 'आहे किंवा नाही' अशी सरसकट नसते. ती त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती तपासायची असते. चार गोष्टी बघतात: माहिती समजली का, निर्णय होईपर्यंत लक्षात राहिली का, फायदा-तोटा तोलता आला का, आणि ठरलेलं सांगता आलं का. आईला कोणती साडी नेसायची ते पूर्ण कळत असेल, पण घराचं बक्षीसपत्र कळत नसेल. ३० गुणांची ती प्रश्नावली (आज वार कोणता, १०० मधून ७ वजा करत जा) ही फक्त चाळणी आहे. तिच्या गुणांवरून घर देण्याची क्षमता ठरत नाही. मानसोपचारतज्ज्ञ किंवा न्यूरॉलॉजिस्टकडून त्या विशिष्ट व्यवहारापुरतं क्षमतेचं मूल्यमापन लेखी मागा. शक्यतो सकाळी न्या. संध्याकाळनंतर बऱ्याच रुग्णांचा गोंधळ वाढतो. आणि प्रश्न विचारताना दादाही खोलीत नको, तुम्हीही नको.

रातराणी

मी इथे दादाच्या खुर्चीत बसून लिहितेय. राग आला तरी वाचा.

सासूबाईंना डिमेन्शिया होता, शेवटची अनेक वर्षं माझ्याकडे. मी नोकरी सोडली. त्याचा हिशेब कोणी मागितला नाही. त्यांच्या पेन्शनमधून घरात वॉशिंग मशीन आलं त्याचा मात्र मागितला. दिवसातून चार वेळा चादरी बदलत होते मी, मशीन काय हौसेनं घेतलं? नणंदेने फोनवर 'आईच्या पैशावर मजा' असा शब्द वापरला. तो अजून जात नाही.

सांगायचा मुद्दा, एटीएममधून काढलेली रक्कम दिसते तशी ती कशावर गेली ते दिसत नाही. रात्रीची मदतनीस, डायपर, फिजिओ, अचानक अ‍ॅडमिट करावं लागणं, हे सगळं रोखीत जातं आणि पावती कोण ठेवतं? तुम्ही आधी विचारा की महिन्याचा खर्च किती येतो. खर्च विचारला तर दार उघडं राहतं. "कुठे गेले" असं विचारलंत की बंद.

टेकडीवरून

@रातराणी, मशीन समजू शकतो. घर नावावर करणं हा कुठला डायपरचा खर्च?

रातराणी

तो नाहीच. घराच्या बाबतीत मी केवडाच्या बाजूने आहे. पण धागा वाचून कोणी आपल्या घरी जाऊन सांभाळणाऱ्यालाच चोर ठरवू नये म्हणून लिहिलं.

बाभूळ

रातराणी, प्रतिसाद आवडला. मला वाटतं फरक ओळखायची खूण रकमेत नसते. लपवलं जातंय का, यात असते. सांभाळणारा माणूस आईच्या पैशातून खर्च करणारच, करायलाच हवा. पण खात्याचा नंबर बदलणं, बाकीच्यांना न सांगता ठेवी मोडणं, डॉक्टरकडे दुसऱ्या कोणाला येऊ न देणं, आईचा फोन 'तिला कळत नाही' म्हणून काढून घेणं, भेटायला आलेल्यांसमोर सतत हजर राहणं, अचानक नवं मृत्युपत्र निघणं, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर सावध व्हावं. केवडा, यातलं काय काय आहे?

केवडा

नंबर आणि ठेवी, एवढंच. फोन आहे तिच्याकडे. मी गेल्यावर वहिनी मुद्दाम आम्हाला एकटं सोडते, "तुम्ही बोला, मी जरा पडते" म्हणून. मृत्युपत्राचं माहीत नाही.

वाटसरू७१

बँकेत हयात गेली, आता निवृत्त. थोडं लांबण लागेल.

'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला' अशा पद्धतीचं संयुक्त खातं असेल तर दादाने काढलेले पैसे बँकेच्या दृष्टीने नियमात बसतात. बँक अडवणार नाही. पण खात्यात नाव असणं म्हणजे पैशांचा मालक असणं नव्हे, हे लोकांना कळत नाही. तेच नॉमिनीचं. नॉमिनी म्हणजे ज्याच्या हाती बँक पैसे सोपवते तो. वारसांचा हक्क त्याने संपत नाही.

तुम्ही शाखेत जाऊन आईच्या खात्याचा उतारा मागितलात तर मिळणार नाही. मुलगी असलात तरी. व्यवस्थापकावर चिडू नका, गोपनीयता त्याच्यावर बंधनकारक आहे. मात्र तुम्ही त्याला लेखी माहिती देऊ शकता की खातेदाराला अमुक निदान झालं आहे, सोबत डॉक्टरांचा दाखला, मोठ्या व्यवहारांच्या वेळी खातेदाराची खात्री करून घ्यावी. पोच घ्या. पोच नसेल तर पत्र दिलंच नाही असं समजा.

आता धोका. असं पत्र गेल्यावर बँक घाबरून खातं गोठवूही शकते. मग पेन्शन जमा होत राहील आणि काढता येणार नाही. औषधं कोणाच्या खिशातून? ती तयारी असल्याशिवाय पत्र टाकू नका. आमच्याकडे एका घरात असंच झालं होतं, सहा भावंडांचं भांडण आणि मेडिकलवाला उधारी देईना.

आणखी एक. पेन्शनसाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. तो कोण करून घेतं तेही विचारा.

केवडा

@वाटसरू७१, खूप उपयोगी. मग मी असं करू का, आईला घेऊन बँकेत जाते, दादाचं नाव काढते आणि खातं 'दोघांच्या सहीने' असं करून माझंही नाव घालते? आई माझ्याबरोबर येईल. मी सांगेन तिथे सही करेल.

कज्जेदलाल

नाही.

"मी सांगेन तिथे सही करेल" हे वाक्य परत वाचा. ज्या आईला दादाच्या कागदावर सही करण्याइतकं कळत नव्हतं असं तुमचं म्हणणं आहे, तिला तुमच्या कागदावर सही करण्याइतकं कळतं कसं? समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल आणि तुमची केस तिथेच बसेल. क्षमता नसेल तर ती कोणासाठीच नसते, चांगल्या हेतूसाठीसुद्धा.

(नाव बघून गैरसमज नको, वकील आहे. पण इथे लिहिलेलं हे सल्लापत्र नाही, तुमच्या कागदपत्रांसह स्थानिक वकिलाला भेटा.)

भारतातली स्थिती सांगतो. मुखत्यारपत्राबद्दल मोठा गैरसमज आहे. भारतीय करार कायदा १८७२, कलम २०१: ज्याने मुखत्यारपत्र दिलं त्याचं मन विकल झालं की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच कागद निकामी. तुमच्या प्रकरणात तर ते निदानानंतरचं आहे, त्यामुळे ते करताना आईला काय समजत होतं हाच मूळ प्रश्न. निव्वळ निदान झालं म्हणून सही बाद होत नाही, हेही लक्षात ठेवा. कलम १२ नुसार एरवी विकल असलेला माणूस शुद्धीत असताना करार करू शकतो. मृत्युपत्रालाही तसंच. म्हणून 'त्या दिवशी, त्या वेळी' काय स्थिती होती यावर सगळी लढाई होते, आणि म्हणून न्यूरॉन म्हणतात तो लेखी अहवाल तुमचं खरं हत्यार. आजचा अहवाल मागच्या सह्यांबद्दल फार बोलणार नाही, पण पुढच्या सह्या रोखेल.

घराचं: नोंदणी कायदा १९०८, कलम ३५. दस्त करून देणारी व्यक्ती विकल मनाची दिसली तर नोंदणी अधिकाऱ्याने नोंदणी नाकारायची असते. तेव्हा दुय्यम निबंधक कार्यालयात अहवालासह लेखी हरकत देऊन ठेवता येते. तो अधिकारी न्यायनिवाडा करत नाही, त्यामुळे हमी नाही, पण उद्या "आम्हाला माहीतच नव्हतं" असं कोणी म्हणू शकणार नाही. दस्त झालाच तर रद्द करून घेण्यासाठी दिवाणी दावा. मुदत साधारणपणे तीन वर्षं, ज्या गोष्टींमुळे दस्त रद्द ठरू शकतो त्या कळल्यापासून. आईच्या वतीने तुम्ही वादमित्र म्हणून दावा लावू शकता.

ज्येष्ठ नागरिक कायदा २००७ सगळ्यांना ऐकून माहीत असतो. त्याचं कलम २३ असं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द ठरवून घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती अट असणं आवश्यक धरलं, तर जानेवारी २०२५ मध्ये हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा असं सांगितलं. पण तुमच्याकडे दादा सांभाळतोय, त्यामुळे कलम २३ तुमच्या हाताला सध्या लागत नाही. उगाच न्यायाधिकरणात जाऊन तोंड पोळून घेऊ नका.

हजरजबाबी

मग कायदेशीरपणे आईचे पैसे वापरायचे तरी कोणी? मुखत्यारपत्र संपलं, आईला सही कळत नाही, बँक गोठवते. म्हातारीने काय हवा खायची? (हा प्रश्न खरा आहे, खोचक नाही.)

कज्जेदलाल

खरा आहे आणि उत्तर लाजिरवाणं आहे. डिमेन्शियाच्या रुग्णाच्या मालमत्तेसाठी पालक नेमण्याचा सोपा, सरळ कायदा आपल्याकडे आज नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेची व्यवस्था लावून घेण्याची तरतूद होती. त्याच्या जागी २०१७ चा कायदा आला, त्यात ती उरली नाही. तिथे 'नामनिर्देशित प्रतिनिधी' आहे, पण तो उपचारांपुरता. म्हणून लोक राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका करतात. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कोमातल्या रुग्णांच्या पालकत्वासाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली, त्याच वाटेने डिमेन्शियाची प्रकरणंही जातात. न्यायालय साधारणपणे सगळ्या वारसांचं म्हणणं विचारतं. तिन्ही भावंडांची संमती असेल तर काम बरंच हलकं होतं. आणि न्यायालयाने नेमलेला पालक झाला की हिशेब देणं टळत नाही. तुम्हाला हवं ते नेमकं हेच आहे ना?

धुकं

इंग्लंडातून लिहितेय, तुलनेसाठी. इथे २००७ पासून 'लास्टिंग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी' आहे. ती माणूस शुद्धीत असताना करायची, सरकारी 'पब्लिक गार्डियन' कार्यालयात नोंदवायची, आणि क्षमता गेल्यानंतरही ती चालते. पैशांची वेगळी, उपचारांची वेगळी. मुखत्याराने रुग्णाचे पैसे आपल्या पैशांत मिसळायचे नाहीत, हिशेब ठेवायचा. नेहमीच्या प्रसंगांच्या बेताच्या भेटी सोडल्या तर स्वतःला किंवा कोणाला मोठी रक्कम 'भेट' देता येत नाही, त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. संशय आला तर कोणीही त्या कार्यालयाला कळवू शकतं, ते चौकशी करतात.

एवढं असूनही इथेही भावंडं भांडतातच. माझ्या ओळखीत एकीने भावाविरुद्ध कळवलं, चौकशी झाली, पैसे नीटच खर्च झाल्याचं निघालं. दोघं आता बोलत नाहीत. कायदा आहे म्हणून कोणी हेवा करू नये.

बाभूळ

केवडा, मला वाटतं दादाला एक लेखी निरोप पाठवावा. फोनवर नको, फोनवर आवाज चढतो. मसुदा इथे टाका, सगळे मिळून बघू.

केवडा

हा पहिला मसुदा:

"दादा, आईच्या दोन ठेवी कोणाला न विचारता मोडल्या गेल्या आहेत. खात्यातून दर महिन्याला मोठ्या रकमा निघतात. मला दोन वर्षांचा संपूर्ण हिशेब पावत्यांसह हवा आहे. घर नावावर करण्याचा विषय ताबडतोब थांबव, नाहीतर मला कायदेशीर पावलं उचलावी लागतील. मी आईसाठी बोलतेय, स्वतःसाठी नाही."

रातराणी

हे मला आलं असतं तर मी उत्तरच दिलं नसतं. 'पावत्यांसह' वाचून फोन बाजूला ठेवला असता. आणि वहिनीचं नाव कुठेय? जी करते तिचा उल्लेखच नाही.

कज्जेदलाल

कायद्याची धमकी काढा. द्यायचीच असेल तर वकिलाच्या नोटिशीत द्या, बहिणीच्या मेसेजमध्ये ती फुसकी होते. आणि मागचे हिशेब हा पहिल्या दिवसाचा विषय करू नका. गेलेले पैसे परत येण्याची शक्यता कमी, राहिलेले वाचण्याची बरीच. ठेवींचा उल्लेख ठेवा, पण प्रश्न म्हणून.

वाटसरू७१

ताईलाही तोच निरोप पाठवा, एकाच वेळी. तिला रक्कम गेली आहे हे तुम्हाला माहीत आहे असं दिसू द्या, पण लिहू नका.

केवडा

दुसरा मसुदा. बराच वेळ लागला.

"दादा, वहिनी, ताई, आईचं सगळं तुम्ही करता. यावेळी राहिले तेव्हा रात्री वहिनीला किती वेळा उठावं लागतं ते पाहिलं. डॉक्टर म्हणतात हे आणखी बरीच वर्षं चालू शकतं, म्हणून आईचे पैसे किती वर्षं पुरतील ते तिघांनी एकत्र बसून बघू या. महिन्याचा खर्च साधारण किती येतो? दोन ठेवी मोडलेल्या दिसल्या, तेव्हा काही मोठा खर्च आला होता का? यापुढे आईच्या खर्चाची एक वही किंवा शीट ठेवू, तिघांनाही दिसेल अशी. मदतनीस पूर्णवेळ ठेवायची असेल तर आईच्या पैशातूनच ठेवू. वहिनीला दर महिन्याला काही ठरावीक रक्कम द्यावी असंही मला वाटतं, उघडपणे, तिघांच्या संमतीने. घराचा विषय मात्र आईच्या डॉक्टरांचा लेखी अहवाल येईपर्यंत थांबवू. आज केलेला दस्त उद्या कोर्टात टिकला नाही तर त्रास तुलाच होईल."

रातराणी

पाठवा. शब्दही बदलू नका.

हजरजबाबी

वहिनीला पगार? उद्या प्रत्येक सून रेटकार्ड लावेल.

रातराणी

लावू देत की. बाहेरची बाई बारा तासांचे पैसे घेते तेव्हा कोणाला संस्कार आठवत नाहीत. ठरवून, लिहून दिलेल्या पैशाला चोरी म्हणत नाहीत. न ठरवता घेतलेल्यावरच पुढे भांडणं होतात.

संपादक

कृपया विषयाला धरून लिहा. सुना, नणंदा यांवरचे सरसकट शेरे उडवले जातील.

न्यूरॉन

अवांतर नाही म्हणून लिहितो. रातराणींच्या म्हणण्याला वैद्यकीय आधार आहे. सांभाळणाऱ्याची झोप आणि तब्येत गेली की रुग्णाची देखभाल ढासळते, चिडचिड आणि हातघाईपर्यंत गोष्टी जातात. सांभाळणाऱ्यावरचा पैसा हा रुग्णावरचाच पैसा असतो. फक्त तो उघड हवा.

केवडा

अपडेट देते. निरोप पाठवल्यावर दादाकडून बरेच दिवस काही नाही. मग ताईचा फोन आला, रडत होती. तिला गेलेली रक्कम दादाने 'आईने दिली' म्हणून दिली होती. तिला खरंच वाटलं होतं की आईने दिली, आणि आईही तसंच म्हणाली होती. ती थोडी थोडी करून परत आईच्या खात्यात टाकते म्हणाली. पासबुकाचे फोटो तिनेच पाठवले.

दोन ठेवींपैकी एक आईच्या हिप फ्रॅक्चरच्या ऑपरेशनला गेली, बिल आहे. मला ऑपरेशन माहीत होतं, पण पैसे कुठून आले हे मी कधी विचारलंच नव्हतं. दुसरी दादाच्या धंद्यात गेली आहे. तो म्हणतो उसने घेतले. कागद नाही.

क्षमतेचं मूल्यमापन झालं. घरासारख्या मालमत्तेच्या व्यवहाराचं स्वरूप आणि परिणाम समजण्याची क्षमता नाही, असं लेखी आलंय. दादाने वाचलं. काही बोलला नाही.

कज्जेदलाल

उसने असतील तर लिहून घ्या, आजच्या तारखेने कबुलीचा कागद: अमुक रक्कम आईकडून घेतली, अशी अशी परत करीन. 'उसने' हा शब्द त्याने स्वतः वापरलाय, तेवढ्यात करा. नाही म्हणाला तर मग नोटीस. आणि त्या ठेवीचे पैसे आईच्या खात्यातच परत यायला हवेत. तिघांत वाटून घेण्याची भाषा कोणी काढली तर थांबवा, ते अजून कोणाचेही नाहीत.

अहवालाची मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा. पालकत्वाच्या याचिकेसाठी तिघंही तयार असाल तर आता वेळ चांगली आहे.

टेकडीवरून

म्हणजे धंद्यात घातलेच ना शेवटी. मी पहिल्या प्रतिसादात काय म्हटलं होतं?

बाभूळ

तुम्ही पोलीस म्हणाला होतात. तसं झालं असतं तर ताईचा फोन आला नसता आणि पासबुकही दिसलं नसतं. दादा 'उसने' ऐवजी 'आईने दिले' म्हणाला असता, आणि आईने मान डोलावली असती. त्याने कागदावर सही नाकारली तर पोलिसांचा रस्ता आहेच, तो कुठे जात नाही.

तसंच कोणाच्या घरात मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं चालू असेल तर मसुदे लिहीत बसू नये. भारतात ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, आणि जीवाला धोका असेल तर सरळ पोलीस.

धुकं

केवडा, एक सुचवू? वर्षातले काही आठवडे तुम्ही आईची पूर्ण जबाबदारी घ्या. हिशेबाच्या शीटवर तुमचंही नाव दिसायला हवं, नुसतं तपासणारी म्हणून नको.

केवडा

तेच ठरवतेय. ऑफिसातून घरून काम मंजूर झालं तर दर तिमाहीत काही आठवडे. आईला माझ्याकडे आणावं म्हणतेय, म्हणजे दादा-वहिनीला घर मोकळं मिळेल. @रातराणी, तुमचं मत?

रातराणी

आणू नका, तुम्ही तिथे जा. जागा बदलली की रुग्ण फार गोंधळतात, संडास सापडत नाही, रात्रभर "मला घरी जायचंय" सुरू होतं. दादा-वहिनीला बाहेर जाऊ द्या, आईला तिच्याच खोलीत राहू द्या. पहिले दोन-तीन दिवस वहिनी घरात असतानाच सगळं तुम्ही करा, म्हणजे आईला तुमची सवय होईल. औषधांची यादी वहिनीकडून वेळांसह लिहून घ्या, तोंडी नको. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली चुरून द्यायची, कुठली चुरायची नसते, सगळं. अंघोळीला नाही म्हणाल्या तर वाद घालू नका, अर्ध्या तासाने परत विचारा. आणि खर्च झाला की त्याच दिवशी शीटमध्ये लिहा. रिक्षाचे सुद्धा.